साहाय्य, सहायक आणि अनुदान: रूप कोणतं, अर्थ कोणता

प्रश्न असा आहे: एका सेवाभावी संस्थेला आलेल्या मंजुरीपत्रात 'सहाय्यक अनुदान' लिहिलंय, योजनेच्या शासन निर्णयात 'अर्थसहाय्य' आहे, आणि अहवाल तपासणाऱ्या मुद्रितशोधकाने सगळीकडे 'साहाय्य' करून ठेवलंय. बरोबर काय? आणि हे सगळं एकच का?

आधी रूप बघू. संस्कृतात 'सहाय' म्हणजे सोबत जाणारा, मदतनीस. त्याचं भाववाचक नाम 'साहाय्य'. असा 'य' लागला की पहिल्या स्वराची वृद्धी होते, म्हणजे 'अ'चा 'आ', 'उ'चा 'औ': सुंदर-सौंदर्य, मधुर-माधुर्य, पंडित-पांडित्य. 'सहाय्य' लिहिताना 'य' लावला जातो, वृद्धी मात्र राहून जाते. म्हणजे 'मधुर्य' म्हणण्यातलाच प्रकार. 'सहायक' थेट 'सहाय'वरून आला, म्हणून त्यात जोड 'य्य' नको. 'सहाय्यक' हे दोन्हींच्या सरमिसळीतून झालेलं रूप. 'सहायता' मात्र निर्दोष आहे. गंमत अशी की, पाणिनीय परंपरेत 'जन'ला समूहवाचक 'ता' लागून 'जनता' होते, त्याच पंगतीत 'सहाय'ही बसवलेला आहे. तिथे 'सहायता' म्हणजे सोबत्यांचा समूह. 'मुख्यमंत्री सहायता निधी'ला तो अर्थही शोभला असता.

तेव्हा मुद्रितशोधक बरोबर आहे, पण विशेषनामांना त्याने हात लावू नये. खात्याचं नाव 'सामाजिक न्याय व विशेष सहाय्य विभाग' असंच आहे, ते तसंच लिहायचं. योजनेचं नावही अर्जात आणि ठरावात शासन निर्णयात छापलंय तसंच उतरवावं. व्याकरण आपल्या वाक्यांत पाळावं.

आता अर्थ. खरा घोळ इथे आहे. बोलताना आपण गॅसची सबसिडी, ठिबक सिंचनाची सबसिडी, या सगळ्याला 'अनुदान' म्हणतो. राज्याच्या अर्थसंकल्पात मात्र सबसिडीला शब्द आहे 'अर्थसहाय्य', आणि 'सहायक अनुदान' म्हणजे संस्थेला दिलेली ग्रँट. मंजुरीपत्रातल्या लेखाशीर्षाच्या, म्हणजे खर्च कोणत्या खात्यात मोडतो ते सांगणाऱ्या संकेतांकाच्या, शेवटी दोन अंकी उद्दिष्ट असतं, ते बघा. ३१ म्हणजे सहायक अनुदाने (वेतनेतर), ३६ म्हणजे सहायक अनुदाने (वेतन), ३३ म्हणजे अर्थसहाय्य. नुसत्या 'अनुदान' शब्दापेक्षा हे दोन अंक जास्त सांगतात. ३१ खाली आलेल्या पैशातून कर्मचाऱ्यांचे पगार केले की लेखापरीक्षणात आक्षेप आलाच. 'वेतनेतर' म्हणजे वेतन सोडून इतर, हा संधी वाचताना अनेकांच्या नजरेतून निसटतो.

सहायक अनुदानाला हिशोबाची शेपूट असते. पैसा केंद्राचा असेल तर सामान्य वित्तीय नियम, २०१७ प्रमाणे आर्थिक वर्ष संपल्यापासून १२ महिन्यांत उपयोगिता प्रमाणपत्र (पैसा ठरलेल्या कामालाच वापरल्याचा दाखला) द्यावं लागतं, नमुना १२-ए. त्या रकमेवर बँकेत जमलेलं व्याज संस्थेचं नसतं, ते परत करायचं. त्या पैशातून घेतलेली वस्तू परवानगीशिवाय विकताही येत नाही. 'दान' शब्दाने फसू नये, एवढ्या अटींचं दान घरात कोणी करत नाही.

योजनांची नावं ही शिस्त पाळतात असं मुळीच नाही. 'संजय गांधी निराधार अनुदान योजना' हे अनुदान थेट व्यक्तीला, दरमहा. २०२३ मध्ये ते १,००० वरून १,५०० रुपये झालं. त्यात खर्चाचा हिशोब कोणी मागत नाही, वर्षातून एकदा हयातीचा दाखला मात्र लागतो. स्वभावाने हे निव्वळ अर्थसाहाय्य. आणि 'श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजना' ६५ वर्षांवरच्या निराधारांसाठी आहे. जन्मभर मोलमजुरी केलेल्या बाईला 'निवृत्ती' कसली? 'पेन्शन'चा ठरलेला प्रतिशब्द इथे आपोआप येऊन बसलाय. 'वृद्धवेतन' जास्त खरं झालं असतं.

सर्वांत जास्त गोंधळ 'निधी' आणि 'भांडवल' या शब्दांनी होतो. बचत गटाला मिळणारा 'फिरता निधी' शासनाला परत करायचा नसतो. पण तो सभासदांनी वाटून घ्यायचाही नसतो. उचललेलं कर्ज व्याजासह गटात परत आलं तरच तो फिरतो. 'समुदाय गुंतवणूक निधी' गटाला ग्रामसंघाकडून, म्हणजे गावातल्या बचत गटांच्या संघाकडून, मिळतो आणि हप्त्यांनी ग्रामसंघाकडेच परत जातो. महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाच्या योजनेतलं 'बीजभांडवल' तर त्यातला अनुदानाचा भाग वगळता चक्क कर्ज आहे. बी पेरलं की उगवतं, परत कोण मागतं, असं समजून राहिलेल्यांच्या नावावर थकबाकी चढते. म्हणून शब्द कुठलाही असो, दोन गोष्टी विचाराव्यात: परतफेड आहे का, असल्यास कोणाकडे? आणि हिशोब द्यायचा का, असल्यास कधीपर्यंत?

जाता जाता, 'विनाअनुदानित' कसं लिहायचं, हाही एक प्रश्न असतो. 'विना' सुटं लिहू नये, शब्द सलग लिहावा. याच शब्दाच्या आधी शाळांच्या बाबतीत 'कायम' असं विशेषण होतं. २००९ मध्ये शासनाने ते वगळलं आणि त्या शाळांना अनुदान मागण्याची वाट मोकळी झाली.