मेंदूचा सिंगल-सेल डेटा (एकेका पेशीत कोणती जनुकं किती सुरू आहेत याच्या नोंदी) सर्व्हरवर टाकला की झालं ना? त्याला वेगळा निधी कशाला आणि किती?

नाही, झालं नाही. "टाकला की झालं" हे वाक्य बजेटच्या प्रत्येक बैठकीत येतं आणि मला ते अजिबात पटत नाही. निधी लागतो तो क्युरेशनला, म्हणजे डेटा तपासून, नोंदी जोडून इतरांना वापरता येईल असा ठेवायला.

जागा हा सगळ्यात स्वस्त भाग. एका नमुन्यात 10,000 न्यूक्लिअस (पेशीकेंद्रकं) आणि प्रत्येकी 50,000 रीड (यंत्रानं वाचलेले तुकडे) धरले तर 50 कोटी रीड होतात. त्यांच्या झिप केलेल्या फास्टक्यू फाइल्स (कच्चे रीड असतात त्या) साधारण तीस-चाळीस जीबी, आणि त्यातून निघणारी काउंट मॅट्रिक्स (कोणत्या न्यूक्लिअसमध्ये कोणतं जनुक किती वेळा, हा तक्ता) त्याच्या तुलनेत अगदी किरकोळ. घोळ असतो तो मॅट्रिक्ससोबतच्या मेटाडेटाच्या तक्त्यात, म्हणजे कोणता न्यूक्लिअस कुठून आला याच्या नोंदींत.

त्यातला फक्त दात्याचा (ज्याचा मेंदू त्या माणसाचा) रकाना घ्या. अल्झायमर असलेल्या आणि नसलेल्या मेंदूंची तुलना करताना मोजायची ती माणसं. सहा जणांचे 60,000 न्यूक्लिअस असले तरी सॅम्पल साइज सहाच. म्हणून आधी दात्यागणिक, पेशीप्रकारागणिक काउंटची बेरीज करायची (स्यूडोबल्क) आणि मगच तुलना. रकाना नसेल तर प्रत्येक न्यूक्लिअस स्वतंत्र धरला जातो आणि पी-व्हॅल्यू खोट्या लहान येतात, म्हणजे योगायोगाचा फरकही खरा वाटतो. बरं, रकाना हरवतो कसा? न्यूक्लिअसची ओळख म्हणजे (10x कंपनीच्या पद्धतीत) 16 अक्षरी डीएनए बारकोड, आणि बारकोडची यादी सगळ्या नमुन्यांना एकच. नमुने एकत्र करताना मागे "-1", "-2" लागतं. "-2" म्हणजे कोणता नमुना, हे ज्यानं फाइल जोडली त्यालाच ठाऊक, आणि तो पोस्टडॉक (पीएचडीनंतरचा संशोधक) लॅब सोडून गेलेला. मग कच्च्या रीडमधून जनुकीय फरक काढून दाते वेगळे करावे लागतात. पण त्या फरकांवरून माणूस ओळखता येतो, म्हणून कच्चा डेटा नियंत्रित प्रवेशाखाली असतो: संस्थेमार्फत अर्ज, समितीची मंजुरी, वाट पाहणं. एक स्वस्त तपासणी मात्र प्रत्येकानं करावी: पुरुष दात्याच्या नमुन्यात झिस्ट जनुक (सहसा स्त्रियांच्याच पेशींत सुरू असणारं) भरपूर दिसलं तर लेबलं अदलाबदल झालीत.

दुसरं, गोठवलेल्या मेंदूतून अख्खी पेशी निघत नाही, न्यूक्लिअस निघतो, आणि त्यात इंट्रॉनसकट (पुढे कापून टाकले जाणारे तुकडे) आरएनए खूप असतो. सेल रेंजर या रीड मोजणाऱ्या सॉफ्टवेअरच्या 7 व्या आवृत्तीआधी इंट्रॉन आपोआप मोजले जात नसत. म्हणजे जुना आणि नवा डेटा जोडायचा तर सगळं पुन्हा अलाइन करा (रीड जीनोमशी जुळवून पुन्हा मोजा). हा खर्च कुणी धरतच नाही.

ऑक्टोबर 2023 मध्ये 3 दात्यांच्या मेंदूंतल्या सुमारे 100 भागांतून तीस लाखांवर न्यूक्लिअसचा नकाशा प्रसिद्ध झाला. तो इतरांना वापरता येतो तो क्युरेशनमुळे. अमेरिकेच्या ब्रेन इनिशिएटिव्ह या मेंदू संशोधनाच्या सरकारी कार्यक्रमाचा निधी मात्र 2023 मधल्या 68 कोटी डॉलरवरून 2024 मध्ये 40.2 कोटींवर आला. कात्री लागली की क्युरेटरचा पगार आधी उडवतात. हे चूक आहे. त्यापेक्षा चार नमुने कमी सिक्वेन्स करा.

एनआयएच (आरोग्य संशोधनाला निधी देणारी अमेरिकी सरकारी संस्था) हिच्या जानेवारी 2023 पासूनच्या धोरणात डेटा जतनाचा खर्च मागता येतो, पण तो अनुदानाच्या मुदतीतच व्हावा लागतो. म्हणून साठवणीची फी मुदत संपण्याआधी आगाऊ भरा. क्युरेटर पहिल्या दिवसापासून ठेवा. तक्ता ऊती कापली त्या दिवशीच भरा: दाता, मेंदूचा भाग, मृत्यूनंतर गेलेला वेळ तासांत (कुणी मिनिटांत लिहितं), अलाइनरची आवृत्ती, जनुकांचे एन्सेम्बल आयडी (प्रत्येक जनुकाचा ठरलेला क्रमांक).

बजेटचे किती टक्के क्युरेशनला ठेवायचे याचा एकच आकडा नाही, तो नमुने आणि लॅब किती यावर ठरतो. आणि हो, एकाच लॅबचे पाच-सहा नमुने असतील तर स्वतःचं पोर्टल बांधू नका. बाल्टिमोरचं निमो आर्काइव्ह किंवा सेलबायजीन ही अशा डेटाची तयार भांडारं आहेत, त्यांच्या साच्यात बसवून द्या. पण तो साचा भरायलाही माणूस लागतोच, आणि त्याचा पगार बजेटमध्ये स्वतंत्र ओळीत लिहा.