वाचकांचे प्रश्न: कडू लागली म्हणजे बिघडली का?

प्रश्न: ताई, जावई कामानिमित्त वेरोनाला गेले होते. तिथल्या एका कुटुंबाच्या छोट्या द्राक्षमळ्यातून त्यांनी ‘अमरोने’ या लाल वाइनच्या दोन बाटल्या आणल्या. एक लगेच उघडली. तोंड आखडलं, मागून कडसर चव आली. बिघडली असेल का? दुसरी हिवाळ्यात भरिताच्या पार्टीला काढू म्हणतो.
– एक वाचक, रावेर

उत्तर: भाऊ, बाटली चांगली आहे. इटालियनमध्ये ‘अमारो’ म्हणजे कडू, नाव त्यावरूनच पडलं. आणि तोंड आखडतं ते टॅनिन नावाच्या तुरट द्रव्यानं. कच्चं केळं चावलं की जीभ कशी होते, हे रावेरच्या माणसाला मी काय सांगणार! इथे तो तुरटपणा द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून येतो.

ही वाइन ताज्या द्राक्षांची नसतेच. वेरोनाजवळच्या वाल्पोलिचेल्ला भागात कोर्विना, रोंदिनेल्ला या द्राक्षांचे घोस खुडून हवेशीर माळ्यावर तीनेक महिने सुकवतात, पूर्वी बांबूच्या ताट्यांवर, आता बहुतेक क्रेटमध्ये. घोसाला घोस चिकटू द्यायचा नाही, बुरशीचा मणी दिसला की काढायचा. यावलला माझी आजी वाळत घातलेल्या मिरच्यांवरून रोज संध्याकाळी हात फिरवायची, अगदी तसं. फक्त हे सगळं सावलीत. द्राक्षांचं साधारण तिसरा हिस्सा वजन उडून जातं, साखर एकवटते, म्हणून अल्कोहोल 15-16 टक्क्यांपर्यंत चढतं. एवढं करून वर किमान 2 वर्षं मुरवायची. मला या मेहनतीचं फार अप्रूप आहे.

पण हिवाळ्याआधी आपला मे महिना आहे, तो सांभाळा. माझी एक बाटली उन्हाळाभर पोटमाळ्यावर राहिली. जूनमध्ये बघते तर बूच वर आलेलं, वाइनला शिजलेल्या मनुकांचा वास. अजून हळहळ वाटते. तुम्ही सरळ फ्रिजमध्ये आडवी ठेवा.

पार्टीच्या दिवशी दोन तास आधी रुंद जगमध्ये ओता. डिसेंबरातली रावेरची संध्याकाळ तिला मानवेल, 18 अंशांच्या आसपास हवी. मात्र ठेचलेल्या हिरव्या मिरचीच्या भरिताबरोबर नको, एवढ्या अल्कोहोलनं तिखट आणखी भडकतं. पऱ्हाट्यांवर भाजलेलं एक वांगं मिरची घालण्याआधीच बाजूला काढा. त्यात मीठ, भाजलेले दाणे आणि थोडं कच्चं तेल घाला. त्या धुराच्या वासाबरोबर घोट घेऊन बघा, आणि जावयांनाही तेच वाढा.