स्क्रीनवाला टॅब्लेट आणि क्लास, दोन्ही जरा थांबवा

संगणकाला जोडायच्या, स्क्रीन नसलेल्या ड्रॉइंग टॅब्लेटवर पेन चालवताना हात टेबलावर आणि रेघ समोर पडद्यावर, त्यामुळे साधी गोलाईही जमत नाही. म्हणून आता स्क्रीनवाला टॅब्लेट घ्यायचा आणि कॉलेज रोडला क्लास लावायचा, असं तुम्ही लिहिलंय. अगदी माझीच गत. नाशिकच्या गोदाघाटावर बसून वर्षानुवर्षं जलरंगात चित्रं केलेली मी, टॅब्लेटवर तिथल्याच नारोशंकर मंदिराचं शिखर काढलं की तंबूसारखं दिसायचं.

टॅब्लेट बदलू नका. रोज थोडा वेळ नुसत्या रेघा ओढल्या की हात-डोळ्यांचं जमतं. फक्त सेटिंगमध्ये टॅब्लेट आणि पडद्याचं लांबी-रुंदीचं प्रमाण सारखं ठेवा, नाहीतर वर्तुळ लंबगोल येईल आणि तुम्ही हाताला दोष देत बसाल.

क्लासबद्दल मात्र स्पष्टच बोलते. इथल्याच एका क्लासने पत्रकावर ‘डिजिटल पेंटिंग’ छापून माझ्याकडून सगळी फी आगाऊ घेतली. शिकवलं काय? कोरलड्रॉमध्ये माउसने लग्नपत्रिका आणि फ्लेक्स! माझा टॅब्लेट जोडू द्या म्हटलं, तर ‘मशीनवर ड्रायव्हर टाकायची परवानगी नाही मॅडम’. (ड्रायव्हर म्हणजे टॅब्लेट चालायला लागणारं छोटं सॉफ्टवेअर.) फी परत मागितली तर पावतीमागची बारीक अक्षरं दाखवली. पैसे गेले ते गेले, पण डिजिटल म्हणजे हेच असं वाटून टॅब्लेट कपाटात गेला. 2015 च्या सिंहस्थात घाटावर एवढं काढण्यासारखं होतं, तेव्हाही तो तिथेच होता. म्हणून क्लास लावायचाच तर फी भरण्याआधी शिकवणाऱ्याला तुमच्यासमोर कोऱ्या कॅनव्हासवर पेनने काहीतरी काढायला सांगा. टाळाटाळ झाली की उठून या. डीटीपीला, म्हणजे संगणकावर पत्रिका-फ्लेक्स मांडण्याला, मी नावं ठेवत नाही, पण ते काम वेगळं.

आपल्यासारख्यांना खरं छळतात ते रंग. पॅलेटमध्ये निळा-पिवळा मिसळला की हिरवा होतो. पडद्यावर शुद्ध निळ्यावर अर्धपारदर्शक पिवळा फिरवा, करडा होतो, कारण तिथे रंगद्रव्य नाही, प्रकाशाचे आकडे मिसळतात. वॉशवर वॉश, म्हणजे पातळ रंगाच्या थरावर थर, हवा असेल तर वरचा लेअर (थर) ‘मल्टिप्लाय’ या मोडवर ठेवा, खालचा रंग दिसत राहतो आणि गडद होत जातो. आणि कागदाचा पांढरा राखायची सवय सोडू नका. इथे पांढरा वरून लावता येतो म्हणून सगळे लावत सुटतात आणि चित्रातलं ऊनच जातं.

सॉफ्टवेअर म्हणाल तर क्रिता. फुकट आहे आणि चोरीचं नाही. प्रोक्रिएट फक्त आयपॅडवर चालतं, तेवढ्यासाठी आयपॅड घ्या असं मी सांगणार नाही (ज्यांच्याकडे आहे ते रागावतील, रागावू देत). अर्थात मी निसर्गचित्रवाली, कॉमिक्स-ॲनिमेशनमधलं मला काही कळत नाही.

प्रिंट काढायची असेल तर ए-फोरला 2480 × 3508 पिक्सेल, म्हणजे 300 डीपीआय (इंचाला 300 ठिपके), सुरुवातीलाच घ्या. मागाहून वाढवलं तर चित्र धूसर होतं. आणि तुमच्या टॅब्लेटचा आकार कळवा. अगदीच लहान असेल तर सगळं मनगटातूनच काढावं लागतं, मग माझं ‘बदलू नका’ मी मागे घेईन.