वजन ९५ किलो आहे, पहिल्यांदाच १० किमी धावायचंय. तयारी कशी करू?

लगेच पळायला लागू नका. धाप लागेल ते सोडा, आधी नडग्या आणि गुडघे बोंबलतील. दोन-तीन आठवडे नुसतं झपझप चाला. सलग ४५ मिनिटं जमायला लागली की १ मिनिट धावणं, २ मिनिटं चालणं, तेही एक दिवसाआड. वेग इतकाच, की सोबतच्याशी पूर्ण वाक्य बोलता यावं. शेजारून आजोबा चालत पुढे जातील, जाऊ द्या. १० किमीसाठी चार-पाच महिने हाताशी ठेवा.

बूट संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय जरा फुगलेले असतात. अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी. मांड्या घासून सोलवटतात (हे कुणी सांगत नाही), तिथे व्हॅसलीन लावा. बीपी-शुगर असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. धावताना छातीत दुखलं तर तिथेच थांबा.