ऑर्ब, फायरबॉल आणि हेलमध्ये अडकलेली सॉर्सरेस : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

‘डायब्लो २’ हा कॉम्प्युटर गेम मूळचा २००० सालचा. ‘रिझरेक्टेड’ या नावाने तो सप्टेंबर २०२१ मध्ये परत आला, आणि तेव्हापासून माझ्याकडे येणाऱ्या प्रश्नांचं वळण एकच आहे. नॉर्मल झालं, नाइटमेअर झालं, हेलमध्ये, म्हणजे सर्वांत अवघड पातळीत, सॉर्सरेस (जादूगारीण) पटापट मरायला लागली, आता काय करू? प्रत्येकाला वेगळं लिहिण्यापेक्षा इथेच एकत्र देतो. सगळी उत्तरं थंडी आणि आग अशा दोन्ही विद्या वापरणाऱ्या सॉर्सरेसपुरती आहेत, म्हणजे फ्रोझन ऑर्ब आणि फायरबॉल.

प्रश्न : कुठलाच राक्षस इम्युन (जादूचा परिणामच न होणारा) राहू नये म्हणून मी ऑर्ब, फायरबॉल आणि चेन लाइटनिंग (वीज) तिन्हींत साधारण सारखे स्किल पॉइंट टाकले. लेव्हल ८५ आहे. तरी हेलच्या पहिल्याच ॲक्टमध्ये काही मरत नाही. का?

कारण तुमच्याकडे तीन अर्धवट विद्या आहेत. २००३ च्या १.१० पॅचने (अपडेटने) सिनर्जी आणल्या (एका स्किलमध्ये टाकलेल्या पॉइंटांनी दुसऱ्या स्किलचं बळ वाढणं), त्या दिवसापासून ‘थोडं इकडे, थोडं तिकडे’ हा मार्ग बंद झाला. फायरबॉलला फायर बोल्टच्या आणि मिटिऑरच्या प्रत्येक पॉइंटमागे १४ टक्के वाढ मिळते. ती मोजताना फक्त तुम्ही स्वतः टाकलेले पॉइंट धरतात, अंगठी-टोपीतून आलेले ‘प्लस स्किल’ नाही. सिनर्जी न भरता नुसता फायरबॉल २० वर नेलात, तर हेलमध्ये त्याने फक्त उजेड पडतो.

हिशोब करा. लेव्हल ९९ पर्यंत ९८ पॉइंट आणि क्वेस्टचे १२, असे एकूण ११०. पण ९९ कोण गाठतंय! लेव्हल ८५ ला तुमच्या हातात ९६ असतात. ऑर्ब २०, फायरबॉल २०, फायर बोल्ट २०, फायर मास्टरी २०, झाले ८०. ऑर्बपर्यंत पोचायला आइस बोल्ट, आइस ब्लास्ट, ग्लेशियल स्पाइक, फ्रॉस्ट नोव्हा आणि ब्लिझर्ड यांत एकेक. वॉर्म्थ, स्टॅटिक फील्ड, टेलिकिनेसिस, टेलिपोर्ट यांतही एकेक. हे ८९. उरलेले सात कोल्ड मास्टरीत. सामानातून आणखी दहाएक मिळाले की कोल्ड मास्टरी १७ वर जाते आणि शत्रूचा कोल्ड रेझिस्टन्स (थंडीचा प्रतिकार) १०० ने खाली येतो. ऑर्बला स्वतःची सिनर्जी फारशी नाही, आइस बोल्टच्या पॉइंटमागे जेमतेम २ टक्के. म्हणून तर तो कमी पॉइंटांत पोसला जातो आणि या जोडीत बसतो. चेन लाइटनिंगला या घरात जागा नाही.

मिटिऑर आवडत असेल तर फायर बोल्टऐवजी तो भरता येतो, पण त्याच्या वाटेवर इन्फर्नो, ब्लेझ आणि फायर वॉल यांचे पॉइंट जातात. रिस्पेक (सगळे पॉइंट परत घेऊन नव्याने वाटणं) करण्याआधी स्किलच्या तिन्ही पानांचे फोटो पाठवा. घाईने बटण दाबू नका.

प्रश्न : माना (जादूला लागणारी शक्ती) सारखा संपतो. एनर्जीत किती पॉइंट टाकू?

शून्य. मर्सेनरीच्या (भाडोत्री साथीदाराच्या) हातात इन्साइट रनवर्ड, म्हणजे ठरावीक रून (मंत्राचे दगड) बसवलेलं हत्यार, द्या (राल, तिर, ताल, सोल), त्याच्या मेडिटेशनने माना भरत राहील. ताकद सामान पेलण्यापुरती, बाकी सगळं व्हायटॅलिटी.

प्रश्न : माझा फास्टर कास्ट रेट (जादू टाकण्याचा वेग) ९८ आहे. १०५ लागतो असं ऐकलं. सातच टक्क्यांनी काय फरक पडणार?

सात टक्क्यांनीच पडतो. सॉर्सरेसचे टप्पे ०, ९, २०, ३७, ६३, १०५ आणि २०० असे आहेत. ६३ ला एक कास्ट नऊ फ्रेमची, १०५ ला आठ. मधले आकडे शोभेचे. म्हणजे तुमचे ९८ म्हणजे ६३ च, वरचे पस्तीस वाया. दोन स्पिरिट रनवर्ड (एक तलवारीत, एक ढालीत), मेजफिस्ट हातमोजे आणि वायपरमॅगी चिलखत एवढ्यात १०५ होतं, फक्त दोन्ही स्पिरिटची बेरीज निदान ५५ हवी. जमत नसेल तर सरळ ६३ वर उतरा आणि सुटलेल्या जागी रेझिस्टन्स घाला. चेन लाइटनिंगचे टप्पे वेगळे असतात, तो तक्ता इथे लावू नका.

प्रश्न : इन्फिनिटी रनवर्ड केलं की सगळ्यांची इम्युनिटी तुटते ना? मग दोन विद्यांचा खटाटोप कशाला? एका साइटवर त्याला लागणारा बेर रून पैसे देऊन मिळतोय. दोन घेऊन टाकू का?

हा प्रश्न महिन्यातून एकदा तरी येतोच, शब्द तेवढे बदलतात. आधी शेवटच्या वाक्याचं उत्तर : नाही. खऱ्या पैशांनी सामान विकत घेणं खेळाच्या नियमांत बसत नाही, खातं बंद होऊ शकतं, आणि विकणारा तेव्हा तुमचा फोन उचलणार नाही. ‘मर्यादित साठा, आजच घ्या’ असं एका रूनवर लिहिणाऱ्या माणसावर विश्वास ठेवायचा असेल तर मला विचारू नका.

आता इन्फिनिटी. त्यातून मर्सेनरीला लेव्हल १२ चा कन्व्हिक्शन ऑरा (आसपासच्या शत्रूंवर परिणाम करणारं वलय) मिळतो, आणि तो शत्रूचा आग, थंडी आणि वीज यांचा रेझिस्टन्स ८५ ने उतरवतो. पण समोरचा इम्युन असेल, म्हणजे त्याचा आकडा १०० किंवा त्याहून वर असेल, तर हा परिणाम पाचव्या हिश्शावर येतो. ८५ चा पाचवा हिस्सा १७. ज्याचा फायर रेझिस्टन्स ११७ किंवा जास्त, तो इन्फिनिटीनंतरही इम्युनच. ज्याचा ११०, तो ९३ वर येतो. ‘तुटली, तुटली’ म्हणून व्हिडिओत ओरडतात ते हेच. ९३ म्हणजे तुमच्या फायरबॉलच्या शंभर भागांतले सात आत गेले. राक्षसाच्या नावाखालची ‘इम्युन’ ही ओळ गेली, राक्षस मात्र उभाच आहे.

फायर मास्टरी इथे वाचवेल असं समजू नका. ती तुमचं डॅमेज वाढवते, त्याचा रेझिस्टन्स उतरवत नाही. उतरवण्याचं काम कोल्ड मास्टरी करते, पण तीसुद्धा इम्युनिटी तोडत नाही. हे दोन्ही नावांत ‘मास्टरी’ असल्यामुळे दोन्ही एकच काम करतात असं धरून चालणारे फार आहेत.

मग इन्फिनिटी निरुपयोगी आहे का? मुळीच नाही. ज्याचा रेझिस्टन्स ५० आहे, इम्युन नाही, त्याच्यावर पूर्ण ८५ लागू होतात आणि तो उणे ३५ वर जातो. तिथे शंभराचे एकशे पस्तीस होतात. इन्फिनिटीची खरी कमाई इम्युन नसलेल्यांवर आहे. आणि व्हिडिओत ते ज्या सॉर्सरेसच्या स्वतःच्या हातात चमकताना दिसतं, ती बहुतेक वेळा विजेची असते. त्या रनवर्डमध्ये शत्रूचा लाइटनिंग रेझिस्टन्स उतरवणारी वेगळी ओळ आहे. आगीसाठी तशी ओळ त्यात नाही.

आता जोडीकडे या. समोरचा थंडीला इम्युन असला की तुम्ही फायरबॉल टाकता. आगीला इम्युन असला की ऑर्ब. हे बेरशिवाय, पैशांशिवाय, पहिल्या दिवसापासून चालतं. दोन विद्यांचा अर्थ दोन्ही सारख्या वापरणं असा नाही. मुख्य हत्यार फायरबॉल. ऑर्बला एक सेकंदाचा विराम असतो, म्हणून एक ऑर्ब टाकायचा, त्या सेकंदात दोनेक फायरबॉल, मग परत ऑर्ब. ऑर्बच्या थंडीने टोळी मंदावते आणि तुम्हाला उभं राहायला वेळ मिळतो. पूर्वी मिटिऑर आणि ऑर्ब यांचा विराम एकत्र मोजला जायचा, एक टाकला की दुसराही अडायचा. २०२२ च्या २.४ पॅचने ते वेगळे केले. जुन्या लेखांतला ‘मिटिऑर-ऑर्ब एकत्र चालत नाही’ हा सल्ला तिथून आलेला आहे. तो आता पाळायची गरज नाही.

आग आणि थंडी दोन्हींना इम्युन असलेली टोळी कधीतरी भेटेल. तेव्हा काय करायचं? टेलिपोर्ट करून पुढे जा. प्रत्येक राक्षस मारलाच पाहिजे असा कुठे नियम नाही. अगदी वाट अडवून बसला असेल तर स्टॅटिक फील्डने त्याचा जीव अर्ध्यावर आणा (हेलमध्ये स्टॅटिक अर्ध्याखाली नेत नाही) आणि उरलेलं मर्सेनरीला करू द्या. त्याला नुसता इन्साइट देऊन उघड्या अंगाने पाठवू नका, लाइफ लीच (वार करताना जीव भरून देणारा गुण) असलेलं शिरस्त्राण आणि बरं चिलखत द्या.

बेर हवाच असेल आणि तुम्ही ऑफलाइन खेळत असाल, तर हेलच्या लोअर कुरास्टमधल्या मोठ्या पेट्यांतून बेरपर्यंतचे रून निघतात. नकाशा बदलत नाही, एकदा चांगला मिळाला की तोच पुन्हा पुन्हा उघडा. कंटाळवाणं आहे, पण खातं जागेवर राहतं.

प्रश्न : सनडर चार्म (इम्युनिटी तोडणारे ताईत) आल्यावर दुसरी विद्या शिकण्याची गरजच संपली असं सगळे म्हणतात.

‘सगळे’ म्हणजे कोण? २०२२ च्या २.५ पॅचमध्ये आलेले हे चार्म इम्युन राक्षसाचा आकडा ९५ वर आणून ठेवतात. शंभरातले पाच आत जातील. त्यापुढे उतरवायला आणखी सामान लागतं, ते तुमच्याकडे आहे का? शिवाय चार्म तुमच्याकडूनही किंमत घेतो. फ्लेम रिफ्ट (आगीचा सनडर चार्म) खिशात ठेवला की तुमचा स्वतःचा फायर रेझिस्टन्स मोठ्या आकड्याने घसरतो. तुमच्या पत्राबरोबरच्या फोटोत फायर रेझिस्टन्स २२ दिसतो आहे. फ्लेम रिफ्ट सध्या पेटीत ठेवा. खालचं उत्तर वाचा, आकडे भरून निघाले की पुन्हा लिहा, मग ठरवू.

प्रश्न : हेलमध्ये रेझिस्टन्स ७५ करायला नेमकं किती लागतं? मित्र म्हणतो २००.

मित्राने मोजलेलं नाही. हेलची कपात १००, त्यावर ७५, म्हणजे १७५. प्रत्येक डिफिकल्टीत आन्याला (पाचव्या ॲक्टमधल्या पात्राला) सोडवल्यावर मिळणाऱ्या स्क्रोलचे दहा-दहा, असे ३० वजा करा. सामानातून १४५ हवेत.

आता एक गोष्ट तपासा, कारण निम्म्या पत्रांमागचं दुखणं इथेच असतं. स्क्रोल माला या पात्राकडून घेतलात, पण वाचलात का? तो उघडावा लागतो. लोक तो आठवण म्हणून पेटीत ठेवतात आणि हेलमध्ये मरत राहतात. दुसरं, स्पिरिटची ढाल थंडी, वीज आणि विष यांचा प्रत्येकी ३५ रेझिस्टन्स देते. आगीचा देत नाही. म्हणून दोन स्पिरिटवाल्या जवळपास प्रत्येक सॉर्सरेसचा फायरचा आकडा लंगडा असतो. टोपीत राल रून बसवा, ३० मिळतात, फुकटात मिळणारा रून आहे. उरलेलं लहान चार्म आणि अंगठ्यांतून. तरी भरत नसेल तर सामानाची पूर्ण यादी पाठवा. एकेक वस्तू सुटी विचारून काही सांगता येत नाही.

प्रश्न : कुठला बिल्ड (स्किलची जुळणी) करायचा हे ठरत नाही म्हणून मी स्किल पॉइंट वापरलेच नाहीत. ३४ साठलेत. हेलचा दुसरा ॲक्ट चालू आहे.

आजच वापरा. अकारा (पहिल्या ॲक्टमधलं पात्र) प्रत्येक डिफिकल्टीत एकदा फुकट रिस्पेक देते, म्हणजे तीन वेळा. ते संपले तर अँडॅरियल किंवा ड्युरिएल, मेफिस्टो, डायब्लो आणि बाल या मोठ्या राक्षसांकडून मिळणारी चार इसेन्स क्यूबमध्ये घालून रिस्पेकचं टोकन होतं. चुकीचा पॉइंट परत घेता येतो. न वापरलेल्या पॉइंटने आत्तापर्यंत काय दिलं? थांबायचं कारण मला तरी सापडत नाही.

प्रश्न : एन्चांट (हत्याराला आगीचा जोर देणारी जादू) लावून तलवारीने लढणारी सॉर्सरेस हीसुद्धा हायब्रिडच ना?

हो, पण वेगळी जात. तिला झील (झटपट सलग वार करण्याचं स्किल) लागते, ती पॅशन रनवर्डमधून (दोल, ओर्त, एल्द, लेम) मिळते. विजेचा जोर हवा असेल तर ड्रीम रनवर्ड, टोपीत आणि ढालीत, म्हणजे दोन जाह रून. पहिली सॉर्सरेस म्हणून ही करू नका. जाह हातात आल्यावर लिहा.

प्रश्न : दुकानदार म्हणतो, ‘रिझरेक्टेड’ नीट चालायला नवं महागडं ग्राफिक्स कार्ड लागेल.

लागत नाही. किमान जीटीएक्स ६६०, शिफारस जीटीएक्स १०६०. तुमच्याकडे पत्रात लिहिल्याप्रमाणे १६५० आहे. दुकानात परत जाण्याआधी खेळाच्या सेटिंगमध्ये सावल्या कमी करून बघा. तरीही अडखळलं तर ओळखीच्या, कार्ड न विकणाऱ्या माणसाला दाखवा.

प्रश्न : टेलिपोर्ट आणि फायरबॉल सतत दाबून उजवं मनगट दुखतं, रात्री बोटांना मुंग्या येतात. माउस बदलू का?

मुंग्या येतात म्हणता, तर आधी डॉक्टरांकडे जा. माउस, पॅड, मनगटाची पट्टी हे सगळं नंतर. दुकानात ‘एर्गोनॉमिक’ लिहिलेली वस्तू घेऊन आणखी तीन महिने काढू नका. डॉक्टर काय म्हणाले ते कळवा. तोवर बाल रन (बालला मारायच्या फेऱ्या) बंद.

प्रश्न : सुरक्षित खेळायचं असेल तर हेलमध्ये सुरुवातीला कुठे फिरू?

दुसऱ्या ॲक्टमधल्या लॉस्ट सिटीखालचे एन्शंट टनेल्स. तिथे मुळात कोल्ड इम्युन जात नाही, म्हणजे ऑर्ब बिनधास्त चालतो, आणि भागाची लेव्हल ८५ असल्यामुळे सामानही उत्तम पडतं. रेझिस्टन्स भरल्याशिवाय केऑस सँक्च्युअरीत मात्र जाऊ नका, आणि गेलात तर आधी विचारून जा.