३९० ड्यूक की आरटीआर ३१०? विदर्भातल्या रस्त्यांवरून आलेले प्रश्न

सप्टेंबर २०२३ मध्ये थोड्याच दिवसांच्या अंतराने दोन नेकेड (बाहेरून फेअरिंगचं आवरण नसलेल्या) गाड्या बाजारात आल्या: चाकणला बनणारी नव्या पिढीची केटीएम ३९० ड्यूक आणि होसूरच्या टीव्हीएसची अपाचे आरटीआर ३१०. दोन्हींची तुलना बहुतेक वेळा ट्रॅकवर किंवा शहरात होते. यावेळी आलेले प्रश्न मात्र ट्रॅक्टर-ट्रॉली, काळी माती आणि खाऱ्या पाण्याचे आहेत. आमच्या मते इकडच्या गाडीची निवड याच गोष्टींवर व्हायला हवी.

दारव्हा (जि. यवतमाळ) येथील वाचक: ड्यूकला ४६ पीएस, आरटीआरला ३५.६. एवढा फरक आमच्या रस्त्यावर खरंच जाणवतो का?

जाणवतो, पण टॉप स्पीडमध्ये नाही, ओव्हरटेक करताना. ड्यूकचं इंजिन ३९९ सीसीचं. ते ६५०० आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाला फेरे) ३९ न्यूटन-मीटर टॉर्क (गाडी ओढायचा जोर) देतं आणि पूर्ण ताकद ८५०० ला. आरटीआर ३१२ सीसीची. तिचा टॉर्क ६६५० ला २८.७ आणि पूर्ण ताकद थेट ९७०० ला. वजन जवळपास सारखंच, १६८ आणि १६९ किलो. म्हणजे तेवढंच वजन ओढायला ड्यूककडे दहा न्यूटन-मीटर जास्त आहेत.

आता कापसाच्या सीझनमधली ट्रॉली डोळ्यासमोर आणा. कापूस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, समोरचं काही दिसत नाही, आणि तुम्ही चाळीसच्या स्पीडने मागे. ड्यूक तिसऱ्या गिअरमध्ये थ्रॉटल दिल्याबरोबर निघते. आरटीआर त्याच गिअरमध्ये निघते, पण दमाने. तिला आधी दुसऱ्यात घ्यायचं, आरपीएम सहा हजारांच्या वर आणायचे आणि मगच बाजूला काढायचं. हा क्रम उलटा झाला, म्हणजे उजवीकडे गेल्यावर गिअर शोधायला लागलात, तर समोरच्या लेनमधले दोन-तीन सेकंद वाढतात. आरटीआर घेणाऱ्याने 'आधी गिअर, मग लेन' ही सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी.

ड्यूकवाल्यांची चूक वेगळी असते. ताकद आहे म्हणून चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये तीस-पस्तीसने गाडी ओढत राहतात. मोठं सिंगल सिलिंडर इंजिन तीन-साडेतीन हजारांच्या खाली धक्के देतं, चेन खडखडते आणि स्प्रॉकेट (चेनची दातेरी चाकं) लवकर झिजतात. गावातून जाताना दुसरा गिअर ठेवा. क्विकशिफ्टर (क्लच न दाबता गिअर बदलायची सोय) असला तरी कमी आरपीएमला क्लच वापरा. गिअर लिव्हरवर पाय टेकवून ठेवायची सवयही सोडा, कारण सेन्सरला तो गिअर बदलण्याचा इशारा वाटतो आणि मधेच पॉवर तुटते.

दर्यापूर (जि. अमरावती) येथील वाचक: मे महिन्यात रेडिएटरचा फॅन सारखा चालू राहतो. कूलंट कमी झालं तर बोअरचं पाणी टाकलं तर चालेल का?

नाही, आणि तुमच्या भागात तर मुळीच नाही. दर्यापूर म्हणजे पूर्णा खोऱ्यातला खारपाणपट्टा. ज्या पाण्याने घरातल्या हंड्याला पांढरा थर धरतो, ते ॲल्युमिनियमच्या रेडिएटरमध्ये गेलं तर बारीक नळ्यांत तोच थर बसतो आणि आतून धातूही खातो. पहिल्या महिन्यात काही कळत नाही. पुढच्या उन्हाळ्यात गाडी सिग्नल नसतानाही तापायला लागते आणि रेडिएटर बदलायची वेळ येते. कंपनीने सांगितलेलं तयार मिसळलेलं कूलंट घ्या, एक लिटरचा डबा घरी ठेवा. अगदीच अडलं तर बॅटरीत टाकतात ते डिस्टिल्ड पाणी थोडं टाका आणि नंतर कूलंट पूर्ण बदलून घ्या.

पातळी पाहायची ती इंजिन थंड असताना, गाडी सरळ उभी करून, बाजूच्या बाटलीवरच्या खालच्या आणि वरच्या खुणांच्या मध्ये. तापलेल्या इंजिनाचं रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका. आतलं पाणी दाबाखाली असतं, झाकण सैल होताच उसळून हात-तोंड भाजतं. वारंवार पातळी उतरत असेल तर भर घालत राहणं हा उपाय नाही. होजच्या क्लिपा, वॉटर पंपाच्या खालची बाजू आणि रेडिएटरची जाळी तपासा. गिट्टीच्या रस्त्यावर पुढच्या चाकाने उडालेला खडा जाळीला बारीक भोक पाडतो. तिथे हिरवट किंवा निळसर ओघळ वाळलेला दिसतो.

फॅन चालू राहणं हा बिघाड नाही. पारा ४५-४६ वर असताना हळू चालवल्यावर तो चालणारच. पण आधी, गाडी बंद आणि थंड असताना, रेडिएटरची जाळी बघा. जिनिंगच्या (कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्यांच्या) आसपास फिरणाऱ्या गाड्यांच्या रेडिएटरमध्ये रुईचे तंतू अडकतात, त्यावर धूळ आणि किडे बसतात, आणि दोन महिन्यांत वाकळीसारखा थर तयार होतो. हवा जायला वाटच राहत नाही. साफ करताना पाणी मागच्या बाजूने पुढे सोडा, तेही कमी दाबाने. वॉशिंग सेंटरचा जेट जवळून मारला की पत्र्याच्या पाकळ्या आडव्या होतात. बारीक जाळीचा गार्ड बसवला असेल तर तो दर आठवड्याला काढून झटका, नाहीतर तोच रुई धरून ठेवतो.

गाडीही खाऱ्या पाण्याने धुतली तर लगेच कोरडी पुसा आणि चेनला तेल द्या. उष्णतेबद्दल दोघींत फार मोठा फरक आम्ही मानत नाही. आरटीआरचं इंजिन उलटं झुकवलेलं आहे, हवा पुढून आत आणि एक्झॉस्ट मागून बाहेर, पण रेडिएटर दोघींचाही पुढेच. आरटीआरच्या वरच्या किटमध्ये (जादा पैसे देऊन घ्यायच्या सोयींच्या संचात) थंड होणारी सीट मिळते. मे महिन्यात दुपारी रोज फिरणं असेल तर तिचे पैसे वसूल होतात.

पांढरकवडा (जि. यवतमाळ) येथील वाचक: भाऊ, माहं वावर डांबरीपासून दोन किलोमीटर आत हाय. पांदणीनं कोणती गाडी बरी जाईन?

उन्हाळ्यात दोन्ही जातात, पावसाळ्यात एकही नेऊ नका. ग्राउंड क्लिअरन्स दोघींचा १८० मिमीच्या आसपास. खरा प्रश्न चाकाचा आहे. दोघींना १७ इंची चाकं आणि रस्त्यासाठीचे टायर, पुढे ११०/७०, मागे १५०/६०. काळी माती ओली झाली की टायरच्या खाचा एका फेरीत भरतात. मग पुढचं चाक आणि मडगार्ड यांच्यामधल्या बोटभर जागेत माती दाबली जाते आणि चाक फिरायचंच थांबतं. अशा वेळी क्लच अर्धा सोडून गाडी ओढू नका. पाच मिनिटांत क्लच प्लेटचा जळका वास येतो. खाली उतरा, काडीने मडगार्डखालची माती काढा आणि गाडी ढकलत डांबरीवर आणा.

चिखलातून आल्यावर एबीएसचा (जोरात ब्रेक लावला तरी चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा विझत नसेल तर घाबरू नका. गाडी सुरू केल्यावर तो पेटतोच आणि थोडा वेग आल्यावर विझतो. नाहीच विझला तर चाकाजवळची खाचांची गोल चकती आणि तिच्याशेजारचा सेन्सर बघा. त्यांच्यात वाळलेल्या मातीचं ढेकूळ किंवा खडा अडकलेला असतो. ओल्या फडक्याने आणि मऊ ब्रशने काढा, स्क्रू ड्रायव्हर घालू नका. दिवा पेटलेला असेपर्यंत ब्रेक लागतात, पण एबीएसशिवाय. तसंच धरून चालवा.

शेतावर रोज जायचं असेल तर जुनी १०० सीसीची गाडी विकू नका, हे मनापासून सांगतो.

वाशीम जिल्ह्यातील वाचक: रस्त्यावर सोयाबीन वाळत घालतात. सुपरमोटो मोड लावल्यास गाडी जास्त ताब्यात राहते का?

नाही. सुपरमोटोमध्ये मागच्या चाकाचं एबीएस बंद होतं. सोयाबीनचे दाणे टायरखाली छर्‍यांसारखे फिरतात, कुटार (भुसा) तर गुळगुळीतच. तिथे मागचा ब्रेक जोरात लागला की चाक लॉक होऊन गाडी आडवी होते. रेन मोड (ओल्या रस्त्यासाठीचा) ठेवा. ढीग दिसला की कोरड्या डांबरावरच ब्रेक लावून वेग उतरवा, आणि दाण्यांवर आल्यावर ब्रेक सोडून, हँडल सरळ धरून पार व्हा. सुट्या दाण्यांवर एबीएस असूनही थांबायचं अंतर वाढतं, त्यामुळे ढिगावर येऊन ब्रेक शोधणं उशिराचंच. रात्री याच रस्त्यावर रोही (नीलगाय) आणि रानडुकरं आडवी येतात. मागे कुणी बसलं की हेडलाइट वर जातो, म्हणून हेडलाइटचा कोन आणि मागच्या शॉकचा प्रीलोड (स्प्रिंगचा ताण) दोन्ही बघून घ्या.

वणी येथील एक वडील: मुलगा सध्या १२५ सीसी चालवतो. त्याला थेट ३९० घेऊन द्यावी का?

दोघींतलीच घ्यायची तर त्याच्यासाठी आरटीआर. तिची ताकद वर, जास्त आरपीएमला आहे, त्यामुळे थ्रॉटल चुकून जास्त पिळला गेला तरी गाडी एकदम अंगावर येत नाही. ड्यूक येते. पहिल्या सर्व्हिसपर्यंत रेन मोडवरच चालवू द्या. पुस्तकात रनिंग-इनची (नवं इंजिन रुळेपर्यंतची) आरपीएम मर्यादा दिलेली असते, ती पाळणं इंजिनासाठी जेवढं गरजेचं तेवढंच मुलाच्या हातासाठीही. १२५ वर मागच्या ब्रेकवर भर देण्याची सवय असते. इथे पुढची डिस्क ड्यूकला ३२० आणि आरटीआरला ३०० मिमीची आहे आणि थांबण्याचं मुख्य काम तीच करते. रिकाम्या रस्त्यावर ४०, मग ६० वरून पुढच्या ब्रेकने सरळ रेषेत थांबायचा सराव आठवडाभर करून घ्या. हेल्मेट आणि ग्लोव्हजचे पैसे गाडीच्या बजेटमध्येच धरा.

कारंजा (लाड) येथील वाचक: समृद्धीवरून नागपूर गाठायला कोणती बरी? आणि किमतीत करामुळे काय फरक?

समृद्धी महामार्गावर दुचाकीला परवानगी नाही, त्यामुळे हा विचारच सोडा. मूर्तिजापूरमार्गे अमरावती आणि पुढे नागपूर हा रस्ता मोटरसायकलला चांगला आहे. कराचं म्हणाल तर २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांना १८ टक्के जीएसटी, त्यावरच्यांना ४० टक्के. आरटीआर पहिल्या गटात, ३९९ सीसीची ड्यूक दुसऱ्या. शोरूममधून दोन्हींचा ऑन-रोड आकडा, किटसकट, लेखी घ्या. आरटीआरचे किट जोडत गेलात की किमतीतलं अंतर कमी होतं.

अहेरी (जि. गडचिरोली) येथील वाचक: सर्व्हिस सेंटर लांब आहे. गाडी घरी कशी सांभाळायची, जवळ काय ठेवायचं?

तुमच्याकडून नागपूर अडीचशे किलोमीटरच्या वर. टाकी इथे महत्त्वाची ठरते: ड्यूकची १५ लिटर, आरटीआरची ११. लिटरला २७ चा हिशेब धरला तर ४०५ आणि २९७ किलोमीटर. आरटीआर असेल तर गडचिरोलीत टाकी भरूनच पुढे निघा. बाटलीतलं सुटं पेट्रोल टाळा. ई-२० (२० टक्के इथेनॉलचं) पेट्रोल ओलावा ओढतं, त्यामुळे गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवा.

तुमच्यासाठी आमचं मत ड्यूकच्या बाजूने, निव्वळ त्या चार लिटरसाठी. पण सर्व्हिस सेंटर कुणाचं जवळ आहे ते आधी पक्कं करा. तुमच्या बाबतीत ते टाकीपेक्षाही मोठं आहे.

घरी ठेवायचं सामान फार नाही: क्लच केबल, क्लच आणि ब्रेकचे लिव्हर, फ्यूज, पुढचे-मागचे ब्रेक पॅड, ऑइल फिल्टर. गाडी कोठ्यात (गोठ्यात) उभी राहत असेल तर सीटखालची वायरिंग पंधरवड्यातून एकदा बघा. उंदीर कुरतडतात आणि मग बिघाड कुठे आहे ते शोधण्यात दिवस जातो.

चेन कोरड्या दिवसांत ५०० किलोमीटरला, पावसात ३०० ला साफ करा. केरोसीन चालतं. पेट्रोलने आतले रबरी रिंग खराब होतात. पुसून कोरडी केल्यावर आतल्या बाजूने पातळ थर द्या आणि रात्रभर राहू द्या. लगेच निघालात तर तेल उडतं आणि धूळ चिकटून पॉलिश पेपरसारखा लगदा होतो. ढील मोजताना चाक फिरवून चेन सगळ्यात ताठ असलेली जागा शोधा आणि आकडा पुस्तकातला घ्या. माणूस बसल्यावर चेन आणखी ताणते, म्हणून रिकाम्या गाडीवर फार घट्ट केली तर गिअरबॉक्समधून बाहेर येणाऱ्या शाफ्टचं बेअरिंग जातं.

शेवटचं म्हणजे ट्यूबलेस किट: सुया, पाच-सहा रबरी वाती, छोटा पंप. बाभळीचा काटा दिसला की लगेच उपटू नका, तोच हवा धरून असतो. आधी पंप जोडा, वातीला सोल्यूशन लावून सुईत ओवून ठेवा, मग काटा काढा, छिद्र घासून मोकळं करा आणि वात दोन्ही टोकं बाहेर राहतील इतकी आत ढकला. सुई झटक्यात मागे ओढा, टोकं थोडीशीच सोडून कापा, आणि थुंकी लावून बुडबुडे येतात का ते बघा.