दिवसभर दाबून धरलेला वारा

प्रश्न : डॉक्टरबाई, माझं वय २६, लग्नाला आठ महिने झाले. डोंबिवलीत वन-रूम-किचनमध्ये आम्ही पाच जण राहतो. दुपारनंतर माझं पोट टम्म फुगतं, कळा येतात. सासरे आणि नवरा खुशाल गॅस सोडतात, कुणी काही म्हणत नाही. माझ्याकडून एकदा ओट्यापाशी आवाज झाला, तर दीर दोन दिवस हसत होता. तेव्हापासून सगळे झोपेपर्यंत मी दाबून धरते. सासूबाई वालाची उसळ छान करतात, तीही सोडली. मला काही आजार आहे का?

उत्तर : तू माझ्या मुलीच्या वयाची, म्हणून एकेरीत लिहिते. पत्रावरून तरी आजार वाटत नाही. निरोगी माणूस दिवसातून साधारण १० ते २० वेळा पादतो, बाई असो की पुरुष. हा शब्द मी मुद्दाम लिहिला. दवाखान्यात बायका 'ते होतं' म्हणून थांबतात आणि नेमकं काय होतंय हे काढून घेण्यातच माझा वेळ जातो.

वालात रॅफिनोज, स्टॅकिओज अशा साखरा असतात. त्या फोडणारं पाचकद्रव्य माणसाच्या आतड्यात तयारच होत नाही. मग त्या तशाच मोठ्या आतड्यात उतरतात, तिथले जिवाणू त्यांवर जगतात आणि हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड, काहींच्या पोटात मिथेनही तयार होतो. या वायूंना वास नसतो. वास येतो तो गंधकाच्या संयुगांचा, आणि ती एक टक्काही नसतात.

वाल सोडू नकोस. भिजवलेलं पाणी फेकून, मोड आणून, सोलून बिरडं केलं की या साखरा बऱ्याच कमी होतात. सुरुवातीला अर्धी वाटीच घे. लोकल गाठायची म्हणून सकाळी घाईत खात असशील तर घासाबरोबर हवाही गिळली जाते. बिनसाखरेचं च्युइंगगम चघळत असशील तर तेही बंद कर, त्यातल्या सॉर्बिटॉलने पोट फुगतं. दुधानंतर त्रास वाढतो का, हे दोन आठवडे दूध बंद ठेवून पाहा.

पण तुझं खरं दुखणं दाबून धरण्यात आहे. अडवलेल्या वायूतला थोडा रक्तात शोषला जाऊन श्वासावाटे जातो. उरलेला आतडं ताणतो, त्याच कळा. आयुर्वेदाच्या चरकसंहितेत रोखू नयेत असे तेरा वेग, म्हणजे शरीराच्या नैसर्गिक हाका, सांगितले आहेत, त्यात हाही आहे. गेल्या श्रावणात एक नवी सून पोट धरून, वाकून आली. तपासलं, घाबरण्यासारखं काही नव्हतं. दवाखान्याच्या संडासात दहा मिनिटं बसून आली आणि सरळ चालत घरी गेली. चार दिवस सासरच्या पाहुण्यांत तिने वारा सरू दिला नव्हता. मला फार वाईट वाटलं.

जेवणानंतर दुपारी ऑफिसात असशील तर तिथे आणि संध्याकाळी घरी आल्यावर संडासात जाऊन निवांत बस, आवाजाची पर्वा करू नकोस. वजन घटलं, शौचातून रक्त गेलं, दुखण्याने झोपमोड झाली किंवा उलट्या थांबेनात, तर मात्र लगेच डॉक्टरांना दाखव.

आणि सासऱ्यांना जी मोकळीक आहे, तीच तुलाही हवी. दिराला गप्प करणं हे तुझ्या नवऱ्याचं काम. हे पान आज रात्री त्याला वाचायला दे.